मर्यादा खेळाडूंना, मोकळं रान कोचला

टेक्सस ए अँड एम हे टेक्सस राज्याचं सरकारी विद्यापीठ. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याने आपले फुटबॉल कोच जिम्बो फिशर यांना नारळ दिला. आदल्या दिवशीच संघ ५१-१० असा दणदणीत जिंकला होता, पण एकूण हंगाम मनासारखा जात नव्हता आणि पैसेवाले पाठीराखे चिडले होते. करार २०३१ पर्यंतचा आणि पूर्ण हमीचा होता. त्यामुळे फिशर यांना घरी बसवण्याची किंमत निघाली साडेसात कोटी डॉलरांहून जास्त. तेव्हाच्या भावाने सहाशे कोटी रुपयांच्या वर. त्यातले एक कोटी नव्वद लाख डॉलरांच्या आसपास दोन महिन्यांत, उरलेले दरवर्षी सुमारे ७२ लाखांच्या हप्त्याने. फिशर यांनी दुसरीकडे नोकरी धरली तरी हप्ता कमी होणार नाही, अशीच कराराची रचना. त्यांच्या जागी आलेल्या माइक एल्को यांचा सुरुवातीचा पगार वर्षाला ७० लाख. म्हणजे शिकवणाऱ्याला ७० आणि न शिकवणाऱ्याला ७२.

सरकारी विद्यापीठांतल्या फुटबॉल कोचच्या पगारावर कायद्याने मर्यादा घातली पाहिजे. काढून टाकल्यावर मिळणाऱ्या भरपाईवर तर त्याआधी. अमेरिकेत हे म्हटलं की लगेच ‘तुम्हाला बाजार कळत नाही’ असं ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा बाजाराचंच बघू.

आधी ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. लांबोडका चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर गाद्या आणि अंगावर अंग आपटणारी धडक. व्यावसायिक संघ रविवारी खेळतात, कॉलेजांचा वार शनिवार. अमेरिकेत एक लाखाहून जास्त प्रेक्षक बसतील अशी आठ स्टेडियम आहेत आणि आठही विद्यापीठांची आहेत. मिशिगनच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं मावतात, म्हणजे आपल्या वानखेडेची तीन भरून पुन्हा काही हजार उरतील. या गर्दीमागे टीव्हीचा पैसा आहे, देणगीदारांचा आहे, गावोगावची अस्मिता आहे. बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत महागडा माणूस कोण, याचं उत्तर फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच हेच येतं. देशाच्या अध्यक्षाला वर्षाला चार लाख डॉलर मिळतात. जॉर्जिया विद्यापीठाच्या कर्बी स्मार्ट यांचा २०२४ मधला करार वर्षाला एक कोटी तीस लाखांचा आहे.

पगार असे पहिल्यापासून नव्हते. १९८२ मध्ये याच टेक्सस ए अँड एमने पिट्सबर्गहून जॅकी शेरिल यांना आणलं. सहा वर्षांचे मिळून १७ लाखांहून थोडे जास्त, वर्षाला सुमारे २ लाख ८७ हजार डॉलर. देशभर बोंब झाली. कोचला कुलगुरूपेक्षा जास्त पगार कसा, म्हणून अग्रलेख झडले. आज तेवढ्या पैशांत मोठ्या संघाला चांगला सहायकही मिळायचा नाही. दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीच्या हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली. एनसीएए म्हणजे कॉलेजच्या खेळांवर हुकूम चालवणारी संघटना. मक्तेदारी मोडल्यावर विद्यापीठं आणि त्यांचे गट आपापले सामने स्वतः विकू लागले आणि पैशाचा लोंढा आला.

तो कुणाकडे गेला? खेळाडूंना द्यायला बंदी होती. शिष्यवृत्ती, राहणं, जेवण, एवढंच. मालक कुणी नाही, त्यामुळे लाभांश वाटायचा प्रश्न नाही. मग पैसा गेला काचेच्या इमारतींत आणि कोचच्या खिशात. ज्याला बाजारभाव म्हणतात तो असा ठरला. मैदानावर हाडं मोडून घेणाऱ्यांचा हिस्सा नियमाने शून्य ठेवला आणि कडेला उभं राहून इशारे करणाऱ्याच्या पगाराला वरची रेघच आखली नाही. यात बरेच खेळाडू काळे आणि मुख्य कोच बहुतेक गोरे, हेही अमेरिकेत कुणापासून लपलेलं नाही. २०२१ मध्ये अल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९-० असा एनसीएएविरुद्ध निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हॅनॉ यांनी स्वतंत्र मत नोंदवलं. एनसीएएचं हे धंद्याचं गणित अमेरिकेतल्या जवळपास कुठल्याही दुसऱ्या उद्योगात सरळ बेकायदा ठरलं असतं, असा त्याचा आशय होता.

आता बंदी उठली आहे. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी हाउस खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पण मर्यादेसह. २०२५-२६ या वर्षासाठी एका विद्यापीठाने सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंना मिळून जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर द्यायचे. फुटबॉल, बास्केटबॉल, पोहणं, कुस्ती, मुलं, मुली, सगळे त्यात.

माझं सगळं म्हणणं या आकड्यावर उभं आहे. कॉलेजच्या खेळात पगाराला मर्यादा घालता येत नाही असं नाहीच. ती आहे, लेखी आहे, कोर्टाचा शिक्का असलेली आहे. ती एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना लागू आहे आणि पन्नाशीच्या कोचला लागू नाही. पाचशे-सहाशे खेळाडूंनी मिळून २ कोटी ५ लाखांत भागवायचं आणि एका फिशर यांना घरी बसवायला त्याच्या साडेतीनपटीहून जास्त. संघांत समतोल राहावा, पैशाची चढाओढ आवरावी, म्हणून मर्यादा हवी असं विद्यापीठं सांगतात. चढाओढ खेळाडूंमुळे होते आणि कोचमुळे होत नाही, असं कुणी म्हणेल का?

कोचच्या पगाराला मर्यादा घालायचा प्रयत्न एकदा झाला होता. तो कुणावर झाला ते पाहा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एनसीएएने खर्च कमी करायचं ठरवलं आणि कात्री लावली ती सर्वांत तळच्या सहायक कोचला. त्याने वर्षाला १६ हजार डॉलरांपेक्षा जास्त कमवायचं नाही. मुख्य कोचच्या पगाराला हात नाही. ते सहायक कोर्टात गेले आणि जिंकले. १९९८ मध्ये अपील न्यायालयानेही हा नियम स्पर्धाविरोधी ठरवला आणि पुढच्या वर्षी एनसीएएने देशभरातल्या शेकडो सहायकांना मिळून ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्या निकालाचा दाखला आजही प्रत्येक वकील देतो, की बघा, कोचच्या पगाराला मर्यादा घालणं बेकायदा आहे. निकाल बरोबरच होता. पोट भरायला धडपडणाऱ्यांच्या ताटातला घास काढणारा नियम जायलाच हवा होता. त्यांच्या विजयाची ढाल आज एक कोटी तीस लाख घेणाऱ्यांच्या हाती आली आहे, हे मात्र पटत नाही.

आता लुइझियानाकडे या. लुइझियाना स्टेट विद्यापीठ, म्हणजे एलएसयू. एप्रिल २०१५ मध्ये, बॉबी जिंदल गव्हर्नर असताना, वर्षानुवर्षांच्या कपातीनंतर या विद्यापीठाने आर्थिक आणीबाणी जाहीर करण्याची कागदपत्रं तयार करायला घेतली होती. सोप्या भाषेत शैक्षणिक दिवाळखोरी. पक्क्या नोकरीतल्या प्राध्यापकांनाही काढता येईल अशी. फुटबॉलचे कोच लेस माइल्स तेव्हा वर्षाला ४० लाखांहून जास्त घेत होते. २०१९ मध्ये त्याच विद्यापीठाने २ कोटी ८० लाख डॉलर खर्चून फुटबॉलपटूंची इमारत नवी केली. लॉकररूममध्ये प्रत्येकाला विमानाच्या पहिल्या वर्गासारखी आडवी होणारी खुर्ची, तिच्यातच झोपायची सोय, वर सामानाचा कप्पा. पैसा देणगीदारांचा होता हे खरं. पण त्याच आठवड्यांत तिथल्या शिक्षकांनी मुख्य ग्रंथालयाचं गळणारं तळघर जगाला दाखवलं. ग्रंथालयाला देणगीदार मिळाला नाही.

त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रायन केली आले. दहा वर्षांचे साडेनऊ कोटी. ऑक्टोबर २०२५ मध्ये, टेक्सस ए अँड एमकडून घरच्या मैदानावर हरल्यावर, त्यांना काढलं. भरपाई सुमारे ५ कोटी ४० लाख. नव्वदच्या दशकातल्या शेकडो सहायकांना मिळून जेवढं दिलं, जवळपास तेवढंच एका माणसाला. गव्हर्नर जेफ लँड्री यांनी जाहीर संताप केला, शेवटी बिल करदात्याच्या गळ्यात पडतं असं बजावलं आणि क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड यांनाही जावं लागलं. हे वुडवर्ड २०१७ मध्ये टेक्सस ए अँड एममध्ये होते आणि फिशर यांना तिथे आणणारेही तेच. केली यांनी विद्यापीठाला कोर्टात खेचलं आणि विद्यापीठाला पूर्ण रक्कम मान्य करावी लागली. एवढं सगळं डोळ्यांदेखत घडत असताना, महिना-सव्वा महिन्यात, एलएसयूने मिसिसिपीहून लेन किफिन यांना आणलं. सात वर्षं, वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख. लुइझियानाच्या गव्हर्नरला वर्षाला १ लाख ३० हजार मिळतात. बरोबर शंभरपट.

संतापाने पगार उतरत नाहीत, ते यामुळे. खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला आपण नेमलेला कोच जिंकेल असं वाटतं. हरला तर पैसे भरायला आपण तिथे नसतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं? समोर बसलेला एजंट मात्र पक्का असतो. अलाबामाचे माजी कोच निक सेबन, स्मार्ट, फिशर, किफिन, या चौघांचाही एजंट एकच, जिमी सेक्स्टन. एका विद्यापीठात जागा रिकामी झाली की दुसऱ्या विद्यापीठातला त्याचा कोच ‘तिकडे जाईन’ अशी नुसती कुणकुण लावून पगार वाढवून घेतो. अलाबामातल्या ऑबर्न या सरकारी विद्यापीठाने २०२० ते २०२५ या पाच वर्षांत तीन कोच काढले. पहिला ऐन महामारीत, डिसेंबर २०२० मध्ये, २ कोटी १४ लाखांहून जास्त कबूल करून. तिघांचे मिळून पाच कोटींच्या वर.

‘यात सरकारी पैसा नाही, क्रीडा विभाग स्वतःच कमावतो’ हे उत्तर ठरलेलं आहे. थोडं तपासून घेऊ. विद्यापीठाशी संलग्न प्रतिष्ठानाला दिलेली देणगी करपात्र उत्पन्नातून वजा होते, म्हणजे तिच्यातला काही भाग देशाच्या तिजोरीने सोडलेला असतो. स्टेडियम सरकारी जमिनीवर, नाव राज्याचं, करारावर सही सार्वजनिक विद्यापीठाची. आणि २०१७ च्या करकायद्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. करमुक्त संस्थेने कुणाला वर्षाला दहा लाख डॉलरांपेक्षा जास्त पगार दिला तर वरच्या रकमेवर २१ टक्के कर भरायचा, असं त्यात आलं. नोटरडेमसारख्या खासगी विद्यापीठाला तो लागू होतो. अनेक सरकारी विद्यापीठं मात्र ‘आम्ही राज्याचाच भाग’ म्हणत त्यातून बाहेर राहू शकतात. कर मागितला की सरकार, पगार देताना खासगी कंपनी. दोन्हींतलं एक काहीतरी निवडा.

शिवाय स्वतः कमावणारे क्रीडा विभाग मोजके. बाकीच्या विद्यापीठांत तूट भरून निघते ती विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून. न्यू जर्सीचं रटगर्स विद्यापीठ घ्या. एडिसन, पिस्कॅटवे, जर्सी सिटी भागातल्या किती मराठी घरांतली मुलं तिथे शिकतात! ६ नोव्हेंबर १८६९ रोजी कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना झाला तो रटगर्सच्याच मैदानावर. प्रिन्स्टनविरुद्ध, आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. २००६ मध्ये याच विद्यापीठाने खर्च झेपत नाही म्हणून तलवारबाजी, पुरुषांचं टेनिस, पोहणं, नौकानयन धरून सहा संघ बंद करायचं ठरवलं. फुटबॉलवरचा खर्च वाढतच गेला. डिसेंबर २०१९ मध्ये ग्रेग शियानो यांना परत आणलं ते आठ वर्षांच्या ३ कोटी २० लाखांवर. तिथला क्रीडा विभाग तुटीत चालतो आणि तूट भरणाऱ्यांत ज्या विद्यार्थ्याने स्टेडियमची पायरीही चढलेली नाही तोही असतो.

आयोवाचं मला विशेष वाईट वाटतं. पोहण्याचा बटरफ्लाय हा प्रकार १९३० च्या दशकात ज्या विद्यापीठाच्या तलावात घडवला गेला, त्या आयोवाने २०२० मध्ये महामारीचं कारण देऊन पोहण्याचे दोन्ही संघ, पुरुषांचं टेनिस आणि जिम्नॅस्टिक्स बंद केलं. मुलींनी खटला भरला तेव्हा त्यांचा संघ परत आला, मुलांचा नाही. फुटबॉलच्या कोचचा पगार त्या वेळी वर्षाला ५० लाखांच्या आसपास होता.

निक सेबन यांचं उदाहरण समोर केलं जातं, ते टाळून चालणार नाही. २००७ मध्ये ते वर्षाला ४० लाखांवर अलाबामात आले. सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा पगार एक कोटी दहा लाखांच्या पुढे होता. त्यांच्या काळात विद्यापीठातले विद्यार्थी सुमारे पंचवीस हजारांवरून अडतीस हजारांच्या वर गेले, त्यातले निम्म्याहून जास्त बाहेरच्या राज्यांतले, दुप्पट-तिप्पट फी भरणारे. सेबन यांच्या पगाराचं समर्थन होऊ शकतं, हे मी मान्य करतो. पण सेबन एकच. बाकीच्यांना सेबनचा दर मिळाला आणि सेबनचं यश मिळालं नाही. फिशर यांना नाही, केली यांना नाही, ऑबर्नच्या तिघांना नाही. शनिवारी एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतोच. सगळ्यांनी दुप्पट पगार दिला म्हणून विजेतेपदं दुप्पट होत नाहीत.

मग करायचं काय? एखाद्या राज्याची विधानसभा आपल्या नोकराचा पगार ठरवू शकते, त्यात कायद्याची अडचण नाही. अडचण अशी, की अलाबामाने मर्यादा घातली तर कोच दुसऱ्या दिवशी जॉर्जियात जाईल आणि हे भय प्रत्येक आमदाराला आहे. विद्यापीठांनी आपसांत ठरवलं तर १९९८ चा निकाल आडवा येतो. म्हणजे उपाय काँग्रेसकडेच, अमेरिकेच्या संसदेकडेच आहे. स्पर्धा कायद्यातून खेळांना सूट देण्याचा अधिकार तिला आहे आणि तो तिने वापरलाही आहे. १९६१ च्या कायद्याने व्यावसायिक संघांना टीव्हीचे हक्क एकत्र विकायची मोकळीक दिली, ती आजतागायत चालू आहे.

संधीही आत्ताच आहे. खेळाडूंची नवी मर्यादा कोर्टात टिकणार नाही या धास्तीने एनसीएए आणि मोठे गट काँग्रेसच्या दारात बसून आहेत. आम्हाला स्पर्धा कायद्यापासून संरक्षण द्या, असा त्यांचा धोशा आहे. द्यायचंच असेल तर अटीवर द्यावं. खेळाडू आणि कोच यांची मर्यादा एकच असावी. कोचचा पगार, त्याची भरपाई, त्याचे बोनस, सगळं त्याच २ कोटी ५ लाखांत मोजलं जावं. कुणाला कोचवर एक कोटी तीस लाख उधळायचे असतील तर उधळू देत, पण मग खेळाडूंसाठी ७५ लाख उरतील आणि चांगला खेळाडू शेजारच्या विद्यापीठात जाईल. तेव्हा कोचची खरी किंमत किती, ते पहिल्यांदा कळेल. आणि काढल्यावरची भरपाई एका वर्षाच्या पगारापुरती, त्यातूनही नव्या नोकरीचा पगार वजा. नोकरी गेलेल्या सामान्य अमेरिकन माणसाला एवढंही मिळत नाही.

याने कोच गरीब होणार नाहीत. त्या हिशेबातही ते अध्यक्षापेक्षा जास्त कमावतील.

न्यू जर्सी, टेक्सस, जॉर्जिया, मिशिगन, ओहायो इथे आपली माणसं मोठ्या संख्येने आहेत. नागरिक झालेले, मत देणारे, मुलांच्या फीचे हप्ते भरणारे. एनसीएएला संरक्षण देणारं विधेयक मतदानाला येईल तेव्हा आपल्या भागातल्या प्रतिनिधीच्या कचेरीत फोन करा आणि एकच मागणी ठेवा: कोचच्या पगाराला मर्यादा नसेल तर खेळाडूंच्या मर्यादेलाही संरक्षण नाही.